मागून भरावयाच्या जुन्या तोफा व बंदुका

बोईसर स्थानकावरून पश्चिमेस तारापूरकडे गेलें म्हणजे जुन्या फिरंगी किल्ल्याचा तट लागतो. जानेवारी 1739 मध्यें चिमाजी आप्पांच्या फौजेनें सुरुंग लावून तो घेतला. बाजी भिवराव रेठरेकर तेथेंच पडले. ज्या हत्यारांच्या बळावर पोर्तुगीजांनीं हा किनारा धाकांत ठेवला, त्यांतील एक आतां फारसें कोणास ठाऊक नाहीं. तें म्हणजे मागून भरावयाची लहान तोफ.

सोळाव्या शतकांत पोर्तुगीज गलबतांच्या कठड्यांवर खुंटीवर फिरणाऱ्या अशा तोफा असत. त्यांस ते बेर्सु, म्हणजे पाळणा, म्हणत. नळीच्या मागील बाजूस खोबण असे. तींत मूठ असलेलें, दारूनें भरलेलें पात्र बसवून पाचर ठोकली कीं तोफ सिद्ध. पात्रें अगोदर भरून ठेवलीं तर बार भराभर काढतां येत. चिनी लोकांनीं या तोफेलाच फिरंग्यांचें नांव दिलें. मराठींत तें तलवारीच्या वाट्यास आलें व तिला फिरंग म्हणूं लागले. दोष एकच, पण मोठा: पात्र व नळी यांच्या सांध्यांतून बाराचा जोर निसटे. म्हणून मोठ्या तोफा आणि शिपायांच्या बहुतेक बंदुका पुढें शतकानुशतकें तोंडाकडूनच ठासल्या गेल्या.

तो सांधा अखेर बुजविला पितळी काडतुसानें. बार होतांच पितळ फुगून नळीस घट्ट बसतें व वायु मागें फुटत नाहीं. 1866 मध्यें ब्रिटिश सैन्यानें ठासणीच्या एनफिल्ड बंदुकीचें बूड कापून तेथें बिजागरीचें झाकण बसविलें, हीच स्नायडर. 1871 मध्यें मार्टिनी-हेन्री आली. 1857 ची धास्ती खाल्लेलें सरकार हिंदी पलटणींस नवें हत्यार उशिरांच देई. 27 जुलै 1880 रोजीं अफगाणिस्तानांत मैवंद येथें मुंबई इलाख्याच्या पायदळाजवळ स्नायडर होती. शेजारच्या गोऱ्या पलटणीजवळ मार्टिनी.

अशी बंदूक एखाद्या माळ्यावर निघाली, कीं घरच्यांस पहिली हौस येते ती घासून लखलखीत करण्याची. येथेंच घात होतो. जाणता संग्राहक पाहतो तें कळीच्या पट्टीवरील मुकुट व साल, दस्त्याच्या लाकडावरील शिक्का, नळींतील आटे, आणि झाकण मूळचें आहे कीं दुसऱ्या बंदुकीचें उचलून बसविलेलें. काचकागद हें सारें एका दुपारींत पुसून टाकतो. लोखंडावर वयानें चढलेली तपकिरी झांक म्हणजे मळ नव्हे. बेर्सूचें पात्र तर सुटें, म्हणून तेंच आधीं हरवतें. पात्रासकट मिळालेली तोफ दुर्मिळ.

पालघरच्या खाऱ्या हवेंत सुती फडक्यानें तेलाचा पातळ हात द्यावा. चामड्याच्या म्यानांत मात्र ठेवूं नये, तें ओल धरतें. खाडींतून निघालेलें लोखंड तर वाळवूंच नये. आंत मुरलेलें मीठ वाळतांना त्याचे पापुद्रे काढतें, व वरून धड दिसणारी तोफ कांहीं दिवसांत भुगा होते. ती ओलीच ठेवून पुरातत्त्व खात्यास कळवावें. बंदुकींत जुनें काडतूस राहिलेलें असूं शकतें, हेंही विसरूं नये. तें काढण्याचें काम घरच्यांचें नव्हे.

कायद्याच्या दृष्टीनेंही अवस्थेला महत्त्व आहे. 1959 च्या शस्त्र कायद्यानें जुन्या घडणीच्या हत्यारास सूट दिली आहे, पण तें दुरुस्त करूनही चालण्याजोगें नसेल तरच. चालूं शकणाऱ्या स्नायडरला परवाना लागतो. आणि 1972 च्या पुरावस्तु कायद्यामुळें शंभर वर्षांवरील अशी वस्तु कोणाही खाजगी माणसास परदेशीं नेतां येत नाहीं.