शुभवर्तमानांची ऐतिहासिक विश्वसनीयता

शुभवर्तमानांची ऐतिहासिक विश्वसनीयता हा नव्या कराराच्या अभ्यासातील एक प्रमुख विषय आहे. मत्तय, मार्क, लूक आणि योहान या चार शुभवर्तमानांतील येशूविषयक वृत्तान्त इतिहासाचे साधन म्हणून कितपत ग्राह्य आहेत, याचा विचार त्यात केला जातो. या विषयात दोन प्रश्नांची अनेकदा सरमिसळ होते. मूळ मजकूर आपल्यापर्यंत शुद्ध स्वरूपात पोहोचला आहे काय, हा पहिला प्रश्न. त्या मजकुरात सांगितलेल्या घटना तशाच घडल्या काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर होकारार्थी आले म्हणून दुसऱ्याचे उत्तर आपोआप मिळत नाही. पहिला प्रश्न हस्तलिखितांच्या तुलनेने सुटतो, तर दुसऱ्यासाठी प्रत्येक घटनेची स्वतंत्र छाननी करावी लागते.

रचनाकाळ आणि स्वरूप

येशूला इ.स. ३० किंवा ३३ च्या सुमारास वधस्तंभावर खिळण्यात आले, असे सामान्यतः मानले जाते. चार शुभवर्तमानांपैकी मार्कचे शुभवर्तमान सर्वांत आधी, म्हणजे इ.स. ७० च्या आसपास लिहिले गेले, असे बहुसंख्य अभ्यासकांचे मत आहे. मत्तय आणि लूक त्यानंतर एक-दोन दशकांत, तर योहान पहिल्या शतकाच्या अखेरीस रचले गेले असावे. मधल्या काळात येशूची वचने व त्याच्याविषयीच्या आठवणी मुख्यतः मौखिक परंपरेने जतन झाल्या. पौलाची पत्रे मात्र इ.स. ५० नंतरच्या दशकातील, म्हणजे शुभवर्तमानांहून जुनी आहेत. पेत्र आणि येशूचा भाऊ याकोब यांना आपण प्रत्यक्ष भेटल्याचे पौल लिहितो.

चारही ग्रंथांच्या मूळ मजकुरात लेखकाचे नाव येत नाही. आज प्रचलित असलेली नावे परंपरेने जोडली गेली आहेत. मार्कमधील बहुतांश मजकूर मत्तयात आणि बराचसा लूकमध्येही आढळतो, कित्येकदा शब्दशः. त्यामुळे या दोघांनी मार्कचा आधार घेतला असावा, असे मानले जाते. म्हणून तिन्ही ग्रंथांत एकच प्रसंग आला, तरी त्याला तीन स्वतंत्र साक्षी आहेत असे म्हणता येत नाही. साहित्यप्रकार म्हणून शुभवर्तमाने ग्रीक-रोमन चरित्रग्रंथांना जवळची आहेत, असे मत रिचर्ड बरिज यांनी १९९२ मध्ये मांडले आणि ते बऱ्याच प्रमाणात मान्य झाले.

मजकुराचे जतन

नव्या कराराची पाच हजारांहून अधिक ग्रीक हस्तलिखिते नोंदवली गेली आहेत. मँचेस्टर येथील रायलँड्स ग्रंथालयातील पपायरसचा लहानसा तुकडा सहसा दुसऱ्या शतकातील मानला जातो. त्यावर योहानाच्या शुभवर्तमानातील, पिलातासमोरील चौकशीच्या काही ओळी आहेत. कोडेक्स सिनायटिकस आणि कोडेक्स व्हॅटिकॅनस ही मोठी हस्तलिखिते चौथ्या शतकातील आहेत.

या हस्तलिखितांतील पाठभेद काही लाखांच्या घरात जातात. त्यांपैकी बहुसंख्य शब्दलेखन व शब्दक्रम यांच्याशी संबंधित असून अर्थावर त्यांचा परिणाम होत नाही. काही मोजके पाठभेद मात्र महत्त्वाचे आहेत. मार्कच्या शेवटच्या अध्यायातील ९ ते २० ही वचने वरील दोन्ही कोडेक्समध्ये नाहीत. व्यभिचाराचा आरोप असलेल्या स्त्रीचा प्रसिद्ध प्रसंग योहानाच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत आढळत नाही. हे दोन्ही भाग नंतर जोडले गेले, असे बहुतेक पाठचिकित्सक मानतात. हस्तलिखितांच्या विपुलतेमुळेच अशा भरी ओळखता येतात.

बाह्य पुरावे

ज्यू इतिहासकार जोसेफस याने इ.स. ९३-९४ च्या सुमारास पूर्ण केलेल्या ग्रंथात येशूचा दोन ठिकाणी उल्लेख आहे. त्यांपैकी एका उताऱ्यात पुढे ख्रिस्ती लेखनिकांनी भर घातली, असे बहुतेक अभ्यासक मानतात. याकोब हा येशूचा भाऊ असल्याचा दुसरा उल्लेख सामान्यतः अस्सल समजला जातो. रोमन इतिहासकार टॅसिटस याने दुसऱ्या शतकाच्या आरंभी, तिबेरियसच्या कारकिर्दीत पिलाताने ख्रिस्ताला देहान्त शिक्षा दिल्याचे नोंदवले आहे.

पिलाताचे नाव कोरलेला शिलालेख १९६१ मध्ये कैसरिया येथे सापडला. त्यात त्याचे पद ‘प्रीफेक्ट’ असे आहे. १९६८ मध्ये जेरुसलेमजवळ एका थडग्यात खिळा रुतलेले टाचेचे हाड मिळाले. वधस्तंभावर दिलेल्या व्यक्तीचेही रीतसर दफन होऊ शकत असे, हे त्यावरून दिसते. योहानाने वर्णिलेल्या बेथेस्दा तळ्याचे अवशेषही जेरुसलेममध्ये उजेडात आले आहेत. अशा शोधांमुळे कथनाची पार्श्वभूमी पुष्ट होते. तेवढ्यावरून त्यातील प्रत्येक प्रसंग सिद्ध होत नाही.

विसंगती

मत्तय येशूचा जन्म हेरोद राजाच्या हयातीत झाल्याचे सांगतो. हेरोदाचा मृत्यू सामान्यतः इ.स.पू. ४ मध्ये झाला, असे मानतात. लूकही हेरोदाच्या काळाचा निर्देश करतो. परंतु जन्माची सांगड तो क्विरीनियाच्या वेळच्या नावनिशीशी घालतो. जोसेफसच्या वृत्तान्तानुसार ही नावनिशी इ.स. ६ मधील आहे. हे सुमारे दहा वर्षांचे अंतर भरून काढण्याचे अनेक प्रयत्न झाले, तरी त्यांपैकी एकही सर्वमान्य झालेला नाही. वधस्तंभाच्या दिवसाबाबतही भिन्नता आहे: पहिल्या तीन शुभवर्तमानांत शेवटचे भोजन वल्हांडणाचे आहे, तर योहानात वल्हांडणाच्या भोजनापूर्वीच येशूचा मृत्यू होतो.

निकष आणि मतभेद

एखादी घटना परस्परांपासून स्वतंत्र साधनांत आढळणे, ती तत्कालीन ज्यू समाजजीवनाशी जुळणे, किंवा आरंभीच्या ख्रिस्ती समाजाला अडचणीची असूनही नोंदवलेली असणे, हे निकष विसाव्या शतकात रूढ झाले. योहानाकडून येशूने बाप्तिस्मा घेतला, ही घटना तिसऱ्या निकषाचे नेहमीचे उदाहरण होय. गुरूने दुसऱ्याकडून पापक्षमेचा बाप्तिस्मा घेतल्याची कथा अनुयायी स्वतःहून रचणार नाहीत, असा हा तर्क आहे. या निकषांच्या मर्यादांवर अलीकडे बरीच टीका झाली आहे.

रिचर्ड बॉकहॅम यांनी शुभवर्तमानांमागे प्रत्यक्षदर्शींची साक्ष असल्याचे प्रतिपादन केले, तर बार्ट अर्मन यांनी मौखिक परंपरेत झालेल्या बदलांवर भर दिला. येशू ही ऐतिहासिक व्यक्ती होती, तिचा बाप्तिस्मा झाला आणि पिलाताच्या आज्ञेने तिला वधस्तंभावर देण्यात आले, याविषयी मात्र जवळजवळ एकमत आहे. जन्मकथांच्या तपशिलांबाबत साशंकता अधिक आहे. चमत्कार आणि पुनरुत्थान यांबाबत, अनुयायांची त्यावर फार लवकर श्रद्धा बसली एवढे इतिहासाच्या साधनांनी दाखवता येते. त्यापुढील निर्णय इतिहासपद्धतीच्या कक्षेत येतो की नाही, याविषयीच अभ्यासकांत मतभेद आहेत.