दाताळ्याच्या वेगाने

मुहमालैला सकाळपासून एकच आवाज कानावर येत राहतो: दाताळं जमिनीवर ओढल्याचा. श्रीलंकेच्या उत्तरेला, जाफन्याकडे जाणाऱ्या ए-९ रस्त्यालगतचा हा नारळ-ताडांचा मुलूख. २००० साली एलिफंट पासचा लष्करी तळ एलटीटीईच्या, म्हणजे तमिळ वाघांच्या, हाती पडला आणि पुढे कित्येक वर्षं लष्कर आणि वाघ इथे समोरासमोर खंदकांत बसून राहिले. मधल्या जमिनीत दोघांनीही सुरुंग पेरले. युद्ध मे २००९मध्ये संपलं. शेंडे उडालेले ताड अजून उभे आहेत.

सिनेमात सुरुंग शोधणारा माणूस यंत्र हलकेच फिरवत जातो. इथे त्या यंत्राचा भरवसा धरता येत नाही. पी-४ जातीचा सुरुंग प्लास्टिकचा, त्यात धातू जेमतेम. उलट मातीत पुंगळ्या, तोफगोळ्यांचे तुकडे आणि काटेरी तार एवढी, की यंत्र सारखं कोकलत राहणार. म्हणून दाताळं. कोकणात पातेरा ओढायला असतं तसलंच, फक्त दांडा लांब. सुमारे मीटरभर रुंदीची पट्टी आखलेली, कडेला खुणेच्या काठ्या. अंगावर चिलखती अ‍ॅप्रन, तोंडावर जाड पारदर्शक ढाल. आधी जड दाताळ्याने माती सैल करायची, मग हलक्याने ती मागे ओढायची. खणत जायचं ते समोरून, कारण सुरुंग वरच्या दाबाने फुटतो. त्याला कडेने गाठायचं. काही लागलं की हात थांबतो आणि पर्यवेक्षकाला हाक जाते. उन्हात हे तासन्‌तास चालतं आणि संध्याकाळी मोजायला गेलं तर जमीन खोलीएवढीही साफ झालेली नसते.

युद्धानंतरची मदत म्हटली की आपल्याला घरं दिसतात. भारताने जाहीर केलेल्या ५०,००० घरांचा मोठा वाटा याच उत्तर-पूर्व भागात आला, रेल्वेही पुन्हा उभी राहिली. पण नारळाच्या बागेत पाय टाकता येत नसेल तर घरात बसून खायचं काय? माझ्या मते पुनर्वसनाचा खरा वेग या दाताळ्याचा आहे, आणि देणगीदारांना नेमका तोच पाहवत नाही.

काम करणाऱ्यांत बायका बऱ्याच. कित्येकींचे नवरे युद्धात गेले. महिन्याच्या पगारावर मुलांच्या शाळा चालतात. भूसुरुंगबंदी करारानुसार श्रीलंकेला २०२८पर्यंत जमीन मोकळी करायची आहे. ती मोकळी झाली की हा पगारही थांबणार. जेवणाच्या सुटीत हा विषय हमखास निघतो: कुणी शिवणकामाचं बोलते, कुणी आखातात जायचं, आणि एखादी म्हणते, आधी माझी स्वतःची बाग तर साफ होऊ दे.