किती हवा पुरे? अमेरिकी मसल कार आणि कार्बोरेटरची साठ वर्षे

१९६४ साली पॉन्टिॲकने आपल्या मध्यम आकाराच्या 'टेम्पेस्ट' गाडीत ३८९ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे व्ही-८ इंजिन बसवले आणि 'जीटीओ' बाजारात आणली. अमेरिकेतले मसल कारचे युग इथून सुरू झाले, असे बहुतेक जाणकार मानतात. गाडी नोंदवताना गिऱ्हाइकाला रंग आणि गिअरबॉक्ससोबत आणखी एक गोष्ट ठरवावी लागे. इंजिनावर कार्टर कंपनीचा चार बॅरलचा एकच कार्बोरेटर हवा, की रॉचेस्टरचे दोन-दोन बॅरलचे तीन? पहिल्याची ताकद कंपनी ३२५ अश्वशक्ती सांगे, दुसऱ्याची ३४८. पण बॉनेट उघडल्यावर एका ओळीत दिसणारे ते तीन कार्बोरेटर त्या २३ अश्वशक्तींपेक्षाही जास्त भुरळ घालत.

अशा इंजिनाला कोणता कार्बोरेटर लावावा, हा वाद तेव्हापासून आजतागायत चालू आहे. या साठ वर्षांत दिल्या गेलेल्या उत्तरांकडे मागे वळून पाहिले की एक गोष्ट ठळकपणे दिसते. निवड चुकली, ती बहुतेक वेळा कार्बोरेटर लहान पडला म्हणून चुकली नाही. गरजेपेक्षा मोठा घेतला म्हणून चुकली.

असे का होते, हे कार्बोरेटरच्या कामातच दडलेले आहे. इंजिन हवा ओढते, ती हवा कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून जाताना वेग घेते. वेग वाढला की तिथला दाब उतरतो आणि त्या ओढीने बाउलमधले पेट्रोल जेटमधून वर येऊन हवेत मिसळते. बागेतल्या पाण्याच्या नळीचे तोंड अंगठ्याने दाबले की धारेला जोर येतो, तसाच हा गळ्याच्या अरुंदपणाचा गुण. गळा फार रुंद असला तर कमी फेऱ्यांवर हवा रेंगाळते, ओढ क्षीण होते, पेट्रोलचे नीट तुषार होत नाहीत. पाय दाबावा तर गाडी उसळी घेण्याऐवजी गचका खाते. उलट, गळा अरुंद ठेवला तर खालचा पिकअप उत्तम मिळतो, पण वरच्या फेऱ्यांवर इंजिनाचा दम कोंडतो. पन्नाशीच्या दशकात रुळलेल्या चार बॅरलच्या रचनेने या पेचावर तोड काढली. पुढचे दोन बॅरल रोजच्या चालीसाठी आणि मागचे दोन जोर लागेल तेव्हापुरते.

१९५७ च्या सुमारास या बाजारात दोन महत्त्वाचे कार्बोरेटर आले. सेंट लुईसच्या कार्टर कंपनीचा 'एएफबी' आणि होली कंपनीचा '४१५०'. रॉचेस्टर हा जनरल मोटर्सचाच विभाग, न्यूयॉर्क राज्यातल्या त्याच नावाच्या शहरातला. पुढची पंधरा वर्षे डेट्रॉइटच्या जवळपास प्रत्येक तगड्या इंजिनावर या तिघांपैकी कोणाचा तरी माल बसलेला असे. क्रायस्लरने १९६६ साली रस्त्यावर आणलेल्या ४२६ हेमीवर दोन कार्टर एएफबी एकामागे एक होते आणि जाहीर ताकद ४२५ अश्वशक्ती. फोर्डने १९६८ साली मस्टँगला दिलेल्या ४२८ कोब्रा जेटवर ७३५ सीएफएमचा होली होता. कॅमेरो झेड/२८ च्या ३०२ घनइंचांच्या लहान पण झपाट्याने फिरणाऱ्या इंजिनावर ७८० सीएफएमचा. सीएफएम म्हणजे कार्बोरेटरमधून दर मिनिटाला किती घनफूट हवा जाऊ शकते, त्याचे माप.

१९६७ च्या मॉडेलपासून जनरल मोटर्सने कॉर्व्हेटसारखे अपवाद वगळता आपल्या गाड्यांवर एकाहून अधिक कार्बोरेटर लावायला मनाई केली. पॉन्टिॲकच्या चाहत्यांना हा घाला वाटला. त्याच वर्षी जीटीओचे इंजिन ४०० घनइंचांचे झाले आणि त्यावर रॉचेस्टरचा एकच 'क्वाड्राजेट' बसला. आता आकडे पाहा. १९६६ च्या तीन कार्बोरेटरवाल्या ३८९ इंजिनाची जाहीर ताकद ३६० अश्वशक्ती होती. १९६७ च्या एका क्वाड्राजेटवाल्या 'एचओ' इंजिनाचीही ३६०. इंजिन ११ घनइंचांनी मोठे झाले होते हे खरे. तरीही तीन कार्बोरेटर गेल्याने गाडी पांगळी होईल ही भीती निराधार ठरली.

माझ्या मते या साऱ्या काळातला सर्वांत हुशार कार्बोरेटर हा क्वाड्राजेटच. तो प्रथम १९६५ साली शेव्हरोलेच्या ३९६ घनइंच इंजिनावर आला. त्याचे पुढचे दोन बॅरल जेमतेम ३५ मिलिमीटर व्यासाचे, मागचे दोन ५७ मिलिमीटरचे. पुढच्या लहान गळ्यांत एकात एक बसवलेल्या अरुंद नळ्या (व्हेंच्युरी) असल्यामुळे अगदी हलक्या पायालाही पेट्रोल चटकन आणि अचूक मापात येते. मागच्या प्रचंड बॅरलांवर झडपेची दोन पाती असतात. पाय पूर्ण दाबला तरी ती एकदम उघडत नाहीत. इंजिन जेवढी हवा मागेल तेवढीच उघडतात आणि उघडता उघडता पेट्रोल मोजणाऱ्या बारीक सळया वर उचलतात. क्षमता ७५० सीएफएम, पण तेवढी हवा इंजिनावर लादली जात नाही. म्हणूनच पॉन्टिॲकच्या ३.८ लिटरच्या सहा सिलिंडरी इंजिनापासून कॅडिलॅकच्या ८.२ लिटरच्या महाकाय व्ही-८ पर्यंत हीच रचना चालली. १९७० च्या ब्युइक ४५५ 'स्टेज १' वर कंपनीने ५१० पाउंड-फूट टॉर्क जाहीर केला, तोही क्वाड्राजेटच्याच बळावर.

आणि तरीही हजारो लोकांनी तो काढून भंगारात टाकला. याची कारणे खरी होती, पण बहुतेक दुरुस्त होण्याजोगी होती. त्याच्या तळाशी कारखान्यात ठोकलेली लहान बुचे काळाने झिरपू लागत. रातोरात बाउल रिकामा होई आणि सकाळी गाडी सुरू व्हायला वेळ घेई. दुसरी तक्रार, पाय दाबला की गाडी क्षणभर बसते. यावरून त्याला 'क्वाड्राबॉग' असे नाव पडले. या तक्रारीचे मूळ बहुतेकदा एका स्प्रिंगमध्ये असते. वरच्या पात्यांच्या दांड्याला बाजूने एक लहान खाचेचा स्क्रू असतो आणि त्याला जागी धरणारा बारीक ॲलन स्क्रू. ॲलन स्क्रू सैल करायचा, खाचेचा स्क्रू हलक्या हाताने सोडून पाती पूर्ण मोकळी करायची आणि मग स्प्रिंग दांड्याला नुकती टेकली की तिथून साधारण पाऊण फेरा ताण द्यायचा. ताण कमी पडला तर पाती धाडकन उघडतात, हवा आधी आणि पेट्रोल मागून येते, गाडी बसते. ताण जास्त झाला तर पाती अडून राहतात आणि वरचा जोर मिळत नाही. पाच मिनिटांच्या या कामाअभावी असंख्य चांगले कार्बोरेटर बदनाम झाले.

त्यांच्या जागी आला होली. होलीचे मोठे बळ म्हणजे त्याची सुटसुटीत बांधणी. बाउल, जेट असलेला ब्लॉक, मुख्य अंग, तळ, सारे वेगवेगळे सुटते. ड्रॅग रेसच्या पट्टीवर जेट, पंपाची नळी, स्प्रिंग भराभर बदलता येतात आणि भाग कुठेही मिळतात. शर्यतीत नाव झालेला माल रस्त्यावरही हवाहवासा वाटू लागला आणि मोठा आकडा हाच दर्जाचा पुरावा ठरला. साध्या ३५० घनइंचांच्या इंजिनावर ८५० सीएफएमचा 'डबल पंपर' बसवलेल्या गाड्या सर्रास दिसू लागल्या.

यातला हिशेब मात्र फार अवघड नाही. एका घनफुटात १७२८ घनइंच मावतात आणि चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दर दोन फेऱ्यांना एकदाच भरतो. म्हणून इंजिनाचे घनइंच गुणिले मिनिटाला कमाल फेरे, भागिले ३४५६. म्हणजे ३५० चे इंजिन ६००० फेऱ्यांवर पूर्ण भरले तर ६०८ सीएफएम हवा घेईल. रस्त्यावरचे साधे इंजिन पूर्ण भरत नाही. ८५ टक्के धरले तर गरज सुमारे ५१५ ची. त्यावर ८५० लादले की सिग्नलवर गाडी गचके खाते, प्लग काळे पडतात आणि पेट्रोल वाया जाते. आणखी एक बारकावा. चार बॅरलचे माप दीड इंच पाऱ्याच्या दाबफरकावर घेतात, दोन बॅरलचे तीन इंचांवर. त्यामुळे तीन दोन-बॅरली कार्बोरेटरच्या आकड्यांची सरळ बेरीज करून त्याची चार बॅरलच्या एकाशी तुलना केली, तर ती फसवी ठरते.

होलीमध्येही खरी निवड आकड्याच्या पलीकडे आहे. एका प्रकारात मागचे बॅरल व्हॅक्यूमवर उघडतात, म्हणजे इंजिनाची गरज पाहून. दुसऱ्यात ते लिंकेजने, म्हणजे पाय जाईल तसे उघडतात आणि तो अचानकपणा झाकायला दोन्हीकडे ॲक्सिलरेटर पंप लागतो. तोच डबल पंपर. जड गाडी, ऑटोमॅटिक गिअर आणि लांब पल्ल्याचा डिफरन्शियल रेशो असेल तर व्हॅक्यूमचा प्रकारच शहाणपणाचा. हलकी गाडी, चार गिअरचा मॅन्युअल बॉक्स आणि आखूड रेशो असेल तर डबल पंपर शोभतो. कॅमशाफ्टही पाहावी लागते. शर्यतीच्या वळणाच्या कॅमवर आयडलिंगचा व्हॅक्यूम इतका उतरतो की नेहमीची, जोराच्या वेळी जादा पेट्रोल देणारी पॉवर व्हॉल्व्ह उभ्या गाडीतच उघडून मिक्स्चर घट्ट करते. तेव्हा आधी व्हॅक्यूम गेज लावून आकडा घ्यायचा आणि मग व्हॉल्व्ह निवडायची.

१९७० साली अमेरिकेने हवेच्या स्वच्छतेचा कडक कायदा केला. १९७१ पासून जनरल मोटर्सने इंजिनांचे कॉम्प्रेशन उतरवले, १९७२ पासून ताकदीचे आकडे नव्या पद्धतीने, सारी जोडसामग्री लावून सांगितले जाऊ लागले आणि १९७३ च्या अखेरीस तेलटंचाई आली. कार्बोरेटर पातळ मिक्स्चरवर बांधले गेले, मिक्स्चर स्क्रूवर कारखान्यातच टोप्या बसल्या. इंजिने मरगळली. दोष कायदा, कॉम्प्रेशन आणि इंधन यांनी मिळून वाटून घ्यायचा होता; लोकांनी तो बॉनेट उघडताच समोर दिसणाऱ्या कार्बोरेटरच्या माथी मारला. सेंट लुईसचा कार्टरचा कारखाना १९८४ साली बंद पडला. तिथे ओतकामाच्या यंत्रांतून मुरलेल्या पीसीबी रसायनांची सफाई पुढे कित्येक वर्षे सरकारी देखरेखीखाली चालली. कार्टरच्या एएफबीची रचना मात्र एडलब्रॉक कंपनीच्या नावाने आजही विकली जाते. तिचा मोठा गुण असा की मोजणीच्या सळया वरच्या वर काढून बदलता येतात, पेट्रोलचा थेंबही सांडत नाही. नव्या गाड्यांवर क्वाड्राजेट बसणे १९९० मध्ये थांबले. नॅस्कारच्या सर्वोच्च शर्यतींनीही २०११ चा हंगाम संपताच कार्बोरेटरला निरोप दिला. आपल्याकडे एप्रिल २०२० मध्ये भारत स्टेज ६ लागू झाले आणि बहुतेक नव्या दुचाकींमधूनही तो गेला. 'मोठा जेट टाकून दे, पिकअप वाढेल' हा आपल्या गॅरेजांतला हट्ट आणि अमेरिकेतला ८५० चा मोह, दोन्ही 'मोठे तेच चांगले' या एकाच समजुतीची लेकरे.

आज ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांना निवडीसाठी निवांत वेळ आहे. गाडी प्रदर्शनासाठी सांभाळायची असेल तर क्वाड्राजेटच्या अंगावर किंवा होलीच्या चोकच्या भिंतीवर कोरलेला क्रमांक त्या वर्षाशी आणि इंजिनाशी जुळला पाहिजे. परीक्षक तोच आधी पाहतात. गाडी चालवायची असेल तर अमेरिकेतले आजचे दहा टक्के इथेनॉलचे पेट्रोल ध्यानात घ्यावे. ते लवकर उकळते, जुने रबर खाते आणि जेट किंचित मोठे मागते. ऑटोमॅटिक गिअरच्या ३५० किंवा ४०० घनइंचांच्या साध्या इंजिनासाठी माझा कौल स्पष्ट आहे: बुचे नीट बंद केलेला, स्प्रिंग जुळवलेला, त्याच गाडीचा मूळ क्वाड्राजेट. तो नसेल तर व्हॅक्यूमवर चालणारा ६०० ते ६५० चा होली किंवा तेवढाच एडलब्रॉक. मूळ हेमी किंवा तीन कार्बोरेटरची जीटीओ असेल तर ते कार्बोरेटर तिथेच राहावेत, फक्त त्यांचे लिंकेज आणि फ्लोट काळजीने जुळवावेत.

साठ वर्षांपूर्वीच्या अभियंत्यांना गाडीत संगणक बसवता येत नव्हता. हवेचा वेग, इंजिनाची मागणी आणि चालवणाऱ्याचा पाय, या तिन्हींचा मेळ त्यांनी पितळी जेट आणि लहानशा स्प्रिंगांनी घातला. त्यांच्या कामाचा मान राखायचा तर कॅटलॉग उघडण्याआधी आपले इंजिन किती फेऱ्यांवर सर्वाधिक वेळ फिरते, हे तपासावे. रस्त्यावरच्या गाडीत त्याचे उत्तर बहुधा दोन ते साडेतीन हजारांच्या आत येते, आणि कार्बोरेटर निवडायचा तो त्या फेऱ्यांसाठी.