डॅन्यूबच्या काठाने सायकलवरून

तुमच्या-माझ्यापैकी बऱ्याच जणींनी शाळा-कॉलेजच्या दिवसांत सायकल चालवलेली असते. मग लग्न होतं, घरात स्कूटर येते, मुलं होतात आणि ती लेडीज सायकल जिन्याखाली जाते. पुढे तिची गाठ पडते ती फक्त दिवाळीच्या साफसफाईत. म्हणूनच ‘सायकलवरून आठ दिवसांची सहल’ असं कुणी म्हटलं, की हे तरुण पोरांचं किंवा शर्यतवाल्यांचं काम, असं आपण धरून चालतो. आमच्याकडेही तसंच झालं. सासूबाई म्हणाल्या, “अगं, एवढे पैसे खर्चून परदेशात जायचं आणि तिथे सायकल मारायची? ती काय इथे मारता येत नाही?”

प्रश्न चुकीचा नव्हता. पण युरोपात हा सुट्टी घालवण्याचा अगदी घरगुती प्रकार आहे. साठी उलटलेली जोडपी, दहा-बारा वर्षांची मुलं घेऊन आलेल्या आया, एकट्या आलेल्या शिक्षिका असे सगळे त्यात दिसतात. त्यातली सर्वांत सोपी आणि सर्वांत देखणी म्हणून गाजलेली वाट म्हणजे जर्मनीतल्या पासाऊपासून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नापर्यंतची, डॅन्यूब नदीच्या काठाकाठाने जाणारी. दोन वर्षांपूर्वी जून महिन्यात आम्ही दोघं ती करून आलो. ज्या बाईला बाजारापर्यंत पायी जाऊन दोन भरल्या पिशव्या घरी आणता येतात, तिला ही सहल जमते, असं मी त्या अनुभवावरून सांगू शकते. मात्र त्यासाठी थोडी माहिती आणि सहा आठवड्यांची तयारी हवी.

वाट इतकी सोपी का?

डॅन्यूब ही युरोपातली व्होल्गाच्या खालोखाल लांब नदी, सुमारे २,८५० किलोमीटरची. पासाऊ ते व्हिएन्ना हा तिचा सव्वातीनशे किलोमीटरचा टप्पा. पूर्वी प्रवाहाच्या उलट दिशेने नावा न्यायच्या, तर काठावरून घोडे जुंपून त्या ओढत नेत. एकोणिसाव्या शतकात आगबोटी आल्या आणि घोडे गेले, पण काठावरच्या त्या वाटा राहिल्या. आजचा सायकलमार्ग बऱ्याच ठिकाणी त्याच वाटांवरून जातो. घोड्यांना नाव ओढत जाता यावं अशी ती वाट, त्यामुळे तीव्र चढ जवळजवळ नाहीतच. पासाऊ समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंच आणि व्हिएन्ना सुमारे १६०. म्हणजे आपण नदीबरोबर हळूहळू उतरतच असतो. शिवाय वारा बहुधा पश्चिमेचा, म्हणजे पाठीमागून असतो. मोटारींचा रस्ताही बऱ्याच अंतरापर्यंत वेगळा आहे.

रोजचं अंतर चाळीस ते साठ किलोमीटर. आकडा ऐकून छातीत धस्स होतं खरं. पण ताशी बारा किलोमीटर या रमतगमत चालीने ते चार-पाच तासांचं काम आहे, आणि जूनमध्ये तिथे रात्री नऊपर्यंत उजेड असतो. सकाळी नऊला निघून, वाटेत तीनदा थांबूनही चहाच्या वेळेपर्यंत मुक्कामी पोचता येतं.

मार्गदर्शक असतो म्हणजे काय?

अशा सहली दोन प्रकारच्या. एकात संस्था खोल्या ठरवते, नकाशा देते, सामान पोचवते. वाट आपली आपण काढायची. दुसऱ्यात माणूस बरोबर असतो. आमची दुसऱ्या प्रकारची. आम्ही चौदाजण होतो. मार्गदर्शक सायकलवर, आणि बॅगा घेऊन गाडी परस्पर पुढच्या गावी. आपल्याजवळ फक्त पाण्याची बाटली, पावसाळी कोट आणि खाऊ. पंक्चर झालं तर मार्गदर्शक काढतो. कुणाचे पाय अगदीच बोलू लागले तर गाडीत जागा असते. रोज रात्री बोटीवर झोपायचं आणि दिवसा सायकल चालवायची, असाही एक प्रकार याच मार्गावर मिळतो. रोज खोली बदलण्याचा कंटाळा असणाऱ्यांना तो बरा.

ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांच्यासाठी विजेची सायकल भाड्याने मिळते. आपण पॅडल मारलं तरच तिची मोटर हात देते, आणि ताशी पंचवीस किलोमीटरनंतर थांबते. आमच्यातल्या सर्वांत वयस्कर बाई अशाच सायकलवर होत्या आणि त्या रोज सर्वांआधी पोचत.

घळीतून जाताना

पासाऊला डॅन्यूब, इन आणि इल्झ अशा तीन नद्या मिळतात. गावातल्या नगरभवनाच्या भिंतीवर महापुरांच्या खुणा कोरल्या आहेत. २०१३ चा पूर हा तिथला १५०१ नंतरचा सर्वांत मोठा. डोक्याच्या कितीतरी वर असलेली ती रेघ पाहिली, की शांत दिसणाऱ्या या नदीबद्दल आदर वाटू लागतो.

पुढे दोन्ही बाजूंनी झाडीने भरलेले डोंगर जवळ येतात आणि नदी घळीत शिरते. श्लोगेन गावाजवळ तर कठीण खडकाने वाट अडवल्यामुळे ती जवळजवळ उलटी फिरते. आपण पाहतो त्या दिशेलाच पुन्हा तीच नदी दिसते! एके ठिकाणी डाव्या काठावर कडा इतका पाण्यालगत येतो, की सायकलवाल्यांना छोट्या बोटीतून पुढे नेतात. लिंझ शहर ओलांडल्यावर ग्राइनजवळ दुसरी घळ लागते. इथले खडक आणि भोवरे नावाड्यांचा कर्दनकाळ होते. पुढे खडक फोडले गेले, आणि खाली १९५९ साली धरण झाल्यावर पाणी चढून तो भाग निवांत झाला.

सगळीच वाट गोड नाही. लिंझच्या पुढे माउटहाउझेन लागतं. १९३८ ते १९४५ या काळात नाझींनी इथे छळछावणी चालवली. कैद्यांना खाणीतले दगड पाठीवर घेऊन १८६ पायऱ्या चढाव्या लागत. सुमारे ९० हजार माणसं त्या छावण्यांत मेली. स्मारक टेकडीवर आहे. आमच्यापैकी निम्मे वर गेले. त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर फारसं कुणी बोललं नाही.

मेल्कपासून क्रेम्सपर्यंतचा सुमारे ३५ किलोमीटरचा भाग म्हणजे वाखाऊ. २००० साली युनेस्कोने याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. मेल्कचा १७०२ ते १७३६ मध्ये बांधलेला पिवळा-पांढरा मठ, डोंगरउतारावर दगडी बांध घालून केलेले द्राक्षांचे मळे, जर्दाळूच्या बागा, आणि ड्युर्नश्टाइनचा तो पडका किल्ला, जिथे ११९२ च्या अखेरीस इंग्लंडच्या रिचर्ड राजाला कैदेत ठेवलं होतं. विलेनडॉर्फ या खेड्यात १९०८ साली एक दगडी स्त्रीमूर्ती सापडली. उंची जेमतेम ११ सेंटिमीटर, वय सुमारे तीस हजार वर्षं! भरलेल्या अंगाची ती बाई आता व्हिएन्नाच्या संग्रहालयात आहे. श्पिट्झला नदी ओलांडायला जी नाव आहे तिला इंजिनच लागत नाही. नदीवर आडवा ताणलेला दोर आहे, त्याला ती अडकवलेली. नावाडी सुकाणू तिरपं करतो आणि प्रवाहच तिला पैलतीरी ढकलतो.

‘अहो, तुम्ही व्हा पुढे’

आता मुद्द्याची गोष्ट. आमचे हे पहिले दोन दिवस माझ्यापुढे जात, दर दहा मिनिटांनी थांबत आणि मागे वळून पाहत. काळजीनेच ते. पण प्रत्येक वेळी मला वाटे, आपण उशीर करतोय. दुसऱ्या रात्री मी सांगितलं, “अहो, तुम्ही माझ्यासाठी थांबू नका. तुम्ही व्हा पुढे, मी येते माझ्या चालीने.”

“एकटी? परक्या मुलुखात?”

“पाट्या आहेत, नदी आहे बरोबर. चुकेन कुठे?”

त्यांना ते फारसं पटलं नाही, पण मार्गदर्शकाने बाजू घेतली. त्याचा नियमच होता, की वाटेतल्या ठरलेल्या तीन ठिकाणी सगळ्यांनी भेटायचं, मधे ज्याने त्याने आपापल्या वेगाने यावं. तिसऱ्या दिवसापासून मी मागे राहू लागले. बगळे पाहत थांबले. रस्त्याकडेच्या टेबलावर फळांच्या टोपल्या आणि शेजारी पैसे टाकायचा डबा, विकणारं कुणीच नाही, तिथून चेरी घेऊन खाल्ल्या. लग्नाला तेरा वर्षं झाली. इतक्या वर्षांत सलग चार तास कुणाच्या घड्याळाशी जुळवून न घेता गेले, ते तिथेच. मी पोचायचे ते वीस मिनिटं उशिरा. त्यावरून कुणी काही बोललं नाही. उलट हेच विचारू लागले, “आज काय काय पाहिलंस?”

म्हणून सहल ठरवतानाच संस्थेला विचारा, की वाटेत भेटण्याची ठिकाणं ठरलेली असतात, की सगळ्यांनी रांगेत चालवायचं? पैशांच्या प्रश्नाइतकाच हाही महत्त्वाचा आहे.

जेवणखाण

शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, पण विचारून घ्यावं लागतं. भाजीच्या सूपचं पाणीसुद्धा कधी कधी मांसाचं असतं. चीज घातलेले पिठाचे छोटे गोळे, बटाटे, सॅलड आणि सुरेख पाव सर्वत्र मिळतो. वाखाऊत जर्दाळूचे गोळे जरूर खा. बटाट्याच्या किंवा चक्क्यासारख्या ताज्या चीजच्या पिठात अख्खा जर्दाळू, बीच्या जागी साखरेचा खडा, मग पाण्यात उकडून लोण्यात परतलेल्या पावाच्या चुऱ्यात घोळवायचा. आपल्या उकडीच्या मोदकाची लांबची बहीणच! नळाचं पाणी पिण्याजोगं असतं, बाटल्या विकत घेण्याची गरज नाही.

तयारी अशी करा

१. सहा आठवडे आधी सायकल बाहेर काढा. पहिल्या आठवड्यात तीनदा पाच-पाच किलोमीटर, मग हळूहळू वाढवा. शेवटी शनिवार-रविवार असे लागोपाठ दोन दिवस पंचवीस-तीस किलोमीटर चालवून पाहा. पहिल्या दिवसापेक्षा दुसऱ्या दिवशीच बसकण बोलते.

२. सीटची उंची पाहा. पॅडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवली, तर पाय सरळ व्हायला हवा. आपण बायका सीट फार खाली ठेवतो आणि मग गुडघे दुखतात.

३. तिथल्या भाड्याच्या पुष्कळ सायकलींना पॅडल उलटं फिरवलं की ब्रेक लागतो. सवय नसेल तर पहिल्या दिवशी मोकळ्या जागेत फिरवून बघा, किंवा हाताच्या ब्रेकची सायकल आधीच मागून घ्या.

४. तिथे वाहतूक उजव्या बाजूने चालते, हे चौकात विशेष लक्षात ठेवा.

५. सलवार चालेल, पण घोटा बांधलेला हवा. ओढणी चाकात जाते, ती बॅगेतच राहू द्या. आतून गादी शिवलेली सायकलची अर्धी चड्डी सलवारीखाली घातली तर मोठाच आराम पडतो.

६. खर्चात काय धरलंय ते लेखी घ्या. सायकलीचं भाडं, सामान पोचवणं, रात्रीचं जेवण. दुपारचं जेवण बहुधा आपलं आपण असतं.

७. शेंगेन व्हिसा लागतो. जास्त रात्री ज्या देशात, त्या देशाकडे अर्ज करायचा, म्हणजे इथे बहुधा ऑस्ट्रियाकडे. त्यासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय प्रवासविमा आवश्यक असतो.

परदेशची सहल यंदा जमणार नसेल, तरी पहिला मुद्दा फुकटच आहे. येत्या रविवारी जिन्याखालची सायकल बाहेर काढा, कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडून हवा आणि तेलपाणी करून घ्या, आणि घरच्यांचा चहा झाला की एक चक्कर मारून या. परतायची घाई करू नका.