निखाऱ्यावर (भाग ५) : बीड घ्यावं तर कोणतं?

गेल्या आठवड्यात कोळसा निवडून झाला. आता त्यावर ठेवायचं काय? जाळी तर ग्रिलबरोबर मिळतेच आणि कणीस, वांगं, कोंबडीची तंगडी यांना ती पुरतेही. पण सुरमईची तुकडी, कोळंबी, कांद्याच्या चकत्या, घावन, अंडं यांचं जाळीवर काही खरं नसतं. एक तर चिकटतं, नाही तर फटीतून निखाऱ्यात जातं. इथे भांडं लागतं. उघड्या कोळशाची आच वर्षानुवर्षं सोसेल आणि खिशालाही झेपेल असं भांडं म्हणजे बिडाचं, यावर फारसा वाद नाही. वाद आहे तो कोणतं घ्यायचं यावर.

‘बिडाचं आहे, सगळीकडे सारखं तापतं,’ असं दुकानदार हमखास सांगतो. हे खरं नाही, आणि खरेदीतले निम्मे घोटाळे याच एका समजुतीतून होतात. उष्णता वाहून नेण्यात ॲल्युमिनियम बिडाच्या तीन-चार पट पुढे आहे, तांबं सात-आठ पट. बीड या बाबतीत चक्क मठ्ठ आहे. पटत नसेल तर थंड तव्यावर कणकेचा पातळ थर भुरभुरा आणि तवा गॅसच्या लहान बर्नरवर ठेवा. ज्योत लागते तिथे तपकिरी कडं उमटतं, कडेची कणीक मात्र बराच वेळ पांढरीच राहते. जाड ॲल्युमिनियमच्या तव्यावर रंग पुष्कळच एकसारखा चढतो.

मग बिडाचं एवढं कौतुक कशासाठी? वजनासाठी. किलोला किलो तोललं तर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट उष्णता साठवतं. पण बीड त्याच्या अडीच पटीहून अधिक घन असतं आणि भांडं ओततानाही जाड ओततात. अमेरिकी पद्धतीचं २५ सेंटिमीटरचं बिडाचं फ्राय पॅन सव्वादोन किलोच्या आसपास भरतं, ३० सेंटिमीटरचं साडेतीन किलोच्या. एवढा ऐवज एकदा तापला की फ्रिजमधून काढलेल्या मासळीच्या चार तुकड्या पडल्या तरी त्याचं तापमान धाडकन उतरत नाही. हलक्या पत्र्याच्या भांड्यात ते उतरतं, मासळीला पाणी सुटतं आणि भाजण्याऐवजी ती वाफवली जाते.

घरात गॅसची कळ फिरवून आच वाढवता येते. निखाऱ्याला कळ नसते. झडपा उघडून वारा वाढवला तरी परिणाम दिसायला वेळ जातो, तोवर तुकडी वाफवून निघालेली असते. कोळशावर भांड्यातली साठवलेली उष्णता हीच हातची शिल्लक, म्हणून बिडाची किंमत घरातल्यापेक्षा अंगणात जास्त. शिवाय धगधगता कोळसा बरीचशी उष्णता किरणांच्या रूपाने फेकतो. काळं, रापलेलं बीड ती शोषून घेतं, तर चकचकीत स्टील तिचा मोठा भाग परतवून लावतं.

उष्णता धरून ठेवणारं पण न पसरवणारं भांडं, एवढं एक ध्यानात ठेवलं की निवडीचे बहुतेक प्रश्न आपोआप सुटतात.

पहिला प्रश्न जाडीचा. हौशी बाजारात हल्ली ‘लाइट वेट’ बिडाची भांडी दिसतात. उचलायला सोपी खरी, पण ज्यासाठी बीड घ्यायचं तेच त्यांतून वजा झालेलं असतं. तळ चार ते पाच मिलिमीटरचा असावा. लोखंडी पत्र्याचा तवा ही निराळी वस्तू आहे. तो चटकन तापतो, भाकरीला झकास, पण कोळशाच्या एकाच जागी लागणाऱ्या आचेने वाकतो. बीड सहसा वाकत नाही, फुटतं. त्यात सुमारे तीन टक्के कार्बन असतो आणि त्यातला बराचसा ग्रॅफाइटच्या पातळ पापुद्र्यांच्या रूपात धातूभर पसरलेला असतो. तडा त्या पापुद्र्यांवरूनच धावतो. म्हणून बीड फरशीवर आपटू द्यायचं नाही आणि तापलेलं असताना त्यावर गार पाणी ओतायचं नाही. जूनमध्ये अंगणात ग्रिल मांडणाऱ्यांनी आकाशावरही लक्ष ठेवावं. भर तापल्या तव्यावर वळवाची सर आली तर ती पाणीच ओतते.

दुसरा प्रश्न आकाराचा, आणि इथे हाव नडते. भांडं उष्णता कडेपर्यंत नेणार नसेल तर निखारेच कडेपर्यंत असायला हवेत. नेहमीच्या ५७ सेंटिमीटरच्या गोल केटल ग्रिलमध्ये आपण निखारे अर्ध्या भागात रचतो आणि अर्धा मोकळा ठेवतो. त्या अर्ध्यावर २५-२६ सेंटिमीटरचं भांडं नीट बसतं. ३५ सेंटिमीटरचा तवा घेतला तर त्याची एक बाजू निखाऱ्यावर आणि दुसरी थंड भागावर येते. मुद्दाम तसं करायचं असेल, म्हणजे एकीकडे भाजून दुसरीकडे सरकवून ठेवायचं असेल, तर तो फायदाच. पण एका वेळी दहा तुकड्या एकसारख्या भाजण्याची आशा ठेवू नका. आपल्याकडच्या गोल शेगडीवर तर मोठा सपाट तवा तोंडावरच बसतो, हवा कोंडते, कोळसा घुसमटतो आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. शेगडी असो वा ग्रिल, भांड्याभोवती बोटभर तरी फट हवी. आणि कोळसा मोकळ्या हवेतच पेटवायचा, बंदिस्त गॅलरीत नाही.

दांड्याबद्दल थोडक्यात. लाकडी किंवा बेकलाइटची मूठ कोळशावर जळते किंवा तडकते, तेव्हा ती नकोच. लांब लोखंडी दांडा दिसायला रुबाबदार, पण ग्रिलचं झाकण लावताना आडवा येतो आणि निखाऱ्यावर राहून भांड्याइतकाच तापतो. दोन बाजूंना कान असलेलं भांडं बरं. दोन्ही हातांनी उचलता येतं आणि साडेतीन किलोचं, तेल भरलेलं भांडं आगीवरून उचलायची ती एकच शहाणी रीत आहे. हातमोजे चामड्याचे.

मग सपाट तवा की काठाचं भांडं? कोळशावर भाजलेल्या पदार्थाला जो वास येतो, तो चांगल्या पेटलेल्या कोळशाचा फारसा नसतो. मांसातली चरबी आणि रस निखाऱ्यावर ठिबकतो, जळतो, त्याची वाफ-धूर वर येऊन पदार्थाला लागतो. तो वास त्याचा. भांडं मध्ये आलं की ठिबकणं थांबतं आणि तो वासही बराचसा जातो. हे आधीच माहीत असलेलं बरं, म्हणजे ‘तव्यावरच्या मासळीला ग्रिलची चव का नाही’ असा प्रश्न पडणार नाही. भांड्याचा लाभ दुसरा आहे. घरच्या गॅसवर सहसा न मिळणारी सणसणीत आच मिळते, आणि तेलाचा धूर नि मासळीचा वास घराबाहेर राहतो. धुराची चव हवीच असेल तर निखाऱ्यावर सुक्या लाकडाचा तुकडा टाकून ग्रिलचं झाकण लावावं.

घावन, आंबोळी, भाकरी यांना सपाट तवा हवा, उलथनं आडवं घालता आलं पाहिजे. पण ज्यात तेल आहे त्याला किमान चार सेंटिमीटरचा काठ असलेलंच भांडं घ्या. सपाट तव्यावरून ओघळलेलं तेल सरळ निखाऱ्यात पडतं आणि ज्वाळा हातभर वर येतात. गोल बुडाची बिडाची कढई गॅसवर चांगली असली तरी ग्रिलच्या जाळीवर डुगडुगते. शेगडीच्या तोंडात मात्र ती छान बसते.

आणि ते पन्हाळी-पन्हाळीचं, उभ्या रेघांचं ‘ग्रिल पॅन’? ते घेऊ नका. घरातल्या गॅसवर जाळीचा भास निर्माण करायला ते बनवलंय. खाली खरी जाळी असताना तिच्यावर जाळीची नक्कल ठेवण्यात काय हशील? रेघा तेवढ्या काळ्या होतात, मधलं मांस फिकटच राहतं, ठिबकलेली चरबी पन्हाळ्यांत साचून जळते आणि घासताना घाम फुटतो. सपाट बिडावर सबंध पृष्ठभाग खरपूस होतो, आणि चव त्या खरपूसपणात आहे, रेघांमध्ये नाही.

इनॅमलचं रंगीत बीड स्वयंपाकघरातच शोभतं. इनॅमल म्हणजे काचच. उघड्या निखाऱ्याच्या एकाएकी लागणाऱ्या आचेने तिचा टवका उडू शकतो, बाहेरचा रंग काळवंडतो आणि भांडं असतं महाग.

आता माझ्या आवडीचं भांडं, झाकणाचं बिडाचं पातेलं, ज्याला सगळे डच ओव्हन म्हणतात. वाळूच्या साच्यात लोखंडी भांडी ओतायच्या पद्धतीचं पेटंट इंग्लंडच्या अब्राहम डार्बीने १७०७ मध्ये घेतलं आणि बिडाची भांडी स्वस्त होत गेली. अमेरिकेत या पातेल्याचा जो अवतार झाला त्याला खाली तीन पाय आणि झाकणाला वर उचललेली कड असते. पाय कशाला, तर बुडाखाली निखारे मावावेत म्हणून. कड कशाला, तर झाकणावर ठेवलेले निखारे घसरू नयेत म्हणून. वरून आणि खालून आच मिळाली की त्या पातेल्याची भट्टी होते, त्यात पावही भाजता येतो.

वर-खाली निखाऱ्यांची ही युक्ती आपल्याला नवी नाही. गोव्याचा बेबिंका थरावर थर चढवत वरच्या आचेनेच भाजतात, आणि काकडीचं धोंडस कोकणात वर-खाली निखारे ठेवूनच होत आलंय. अमेरिकी मंडळींनी तिला हिशोब जोडला, एवढंच. भांड्याचा व्यास इंचात घ्यायचा. त्यात तीन मिळवून येतील तितक्या ब्रिकेट (कोळशाच्या दाबून केलेल्या वड्या) झाकणावर, तीन वजा करून येतील तितक्या खाली. बारा इंची भांड्याला वर पंधरा, खाली नऊ. आतलं तापमान साधारण १७५ अंश सेल्सियसला पोचतं. खाली कमी का, तर बूड पदार्थाला चिकटून असतं आणि आधी करपतं. रस्सा किंवा मटण शिजवायचं असेल तर उलट, खालची आच जास्त ठेवायची. हा हिशोब एकसारख्या मापाच्या ब्रिकेटवर चालतो. आपल्या बाजारातल्या लहान-मोठ्या लाकडी कोळशाला मोजणी लावण्यात अर्थ नाही, तिथे डोळ्यांचाच अंदाज. वारा असला की दोन्ही हिशोब बिघडतात.

खरेदीत इथे एक खोच आहे. पायांचं डच ओव्हन जमिनीवर, विटांच्या चुलीत, शेतावर उत्तम, पण ग्रिलच्या जाळीवर त्याचे पाय फटींत अडकतात आणि भांडं कलतं. केटल ग्रिल असेल तर सपाट बुडाचं घ्या आणि झाकणावरच्या निखाऱ्यांचा नाद सोडा, ग्रिलचं झाकण लावलं की वरची आच मिळतेच. ग्रिल नसून नुसतं शेत आणि शेकोटी असेल तर पायांचं घ्या. दोन्हींसाठी एकच भांडं शोधू नका.

घ्यायचं कुठून? कोल्हापूर हे ओतकामाचं मोठं केंद्र आहे. तिथल्या फाउंड्र्यांत मुख्यतः वाहनांचे आणि पंपांचे सुटे भाग ओतले जातात, आणि घरगुती बिडासाठी इतकं लांब जायलाही नको. गावोगावच्या भांडीबाजारात बिडाचा तवा, कढई आणि आप्पेपात्र मिळतं. अमेरिकेतल्या वाचकांना टेनेसीतल्या लॉज कंपनीची भांडी साध्या दुकानातही सापडतील. १८९६ पासूनचा हा कारखाना अजून ओततोय आणि किमती माफक आहेत. तेव्हा २३ किलोच्या बॅगेत आईने भरलेला तवा लोणच्यासाठी जागा करून द्यायला हरकत नाही. फक्त तिथल्या अनेक शहरांत अपार्टमेंटच्या गॅलरीत कोळशाच्या ग्रिलला मनाई असते. भांड्याआधी तो नियम वाचा.

नावापेक्षा नग पाहून घ्या. भांडं एका बोटावर अधांतरी धरून लाकडी मुठीने टिचकी द्या. घंटेसारखा खणखणीत नाद आला तर ठीक, बद्द आवाज आला तर आत तडा असण्याची शक्यता आहे. काठ सगळीकडे सारखा जाड आहे का, तळाला टाचणीच्या टोकाएवढी भोकं आहेत का, तेही पाहा. वाळूच्या साच्यामुळे येणारा खरखरीतपणा हा दोष नाही, वापराने तो भरत जातो. जुनं भांडं मिळत असेल तर गंजाला घाबरू नका, गंज निघतो. पण धातूवरच तांबूस, कोरडी झाक असेल आणि घासूनही जात नसेल, तर ते कधी तरी जाळात टाकून लाल केलेलं असतं. त्यावर तेलाचा थर पुन्हा नीट धरत नाही. ते सोडून द्या.

पहिलंच भांडं घेणार असाल तर माझं मत स्पष्ट आहे. २६ सेंटिमीटरचं, दोन कानांचं, चार-पाच मिलिमीटर जाड तळाचं आणि दोन इंच काठाचं बिनइनॅमलचं पसरट भांडं घ्या. तवा दुसरा, डच ओव्हन तिसरं. चिंच, कोकम, टोमॅटोचं आंबट मात्र त्यात फार वेळ उकळू नका, तेलाचा थर सुटतो आणि रस्सा काळा पडतो.

पुढच्या आठवड्यात नवं भांडं सीझन कसं करायचं, म्हणजे त्यावर तो तेलाचा थर कसा चढवायचा, ते पाहू. तोवर आणलेलं भांडं कोरडं ठेवा आणि घरात करडईचं किंवा सूर्यफुलाचं तेल आहे का बघून ठेवा. खोबरेल चालणार नाही.