रथाची तिथी आणि विमानाचं तिकीट

खानापूर, आटपाडी, तासगाव आणि साताऱ्याकडचे माण-खटाव. या दुष्काळी पट्ट्यातली माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यापायी पिढ्यान्‌पिढ्या देशभर पांगली. घर विट्याला आणि गलाईचं दुकान चेन्नईच्या सावकारपेठेत, असे संसार इथं पुष्कळ. पूर्वी त्यांची ये-जा रेल्वेनंच व्हायची. आता लग्नाला, यात्रेला चार दिवसांसाठी यायचं तर विमान धरतात. त्यांची तिकिटं काढणाऱ्या विट्यातल्या एका दुकानात बसून मी ते काम पाहिलं.

संगणकाशेजारी दिनदर्शिका कायम उघडी. म्हसवडच्या सिद्धनाथाचा रथ मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला, शिखर शिंगणापूरची यात्रा चैत्रात. विमान कंपन्या कित्येक महिने आधी तिकीटविक्री उघडतात आणि तिथी तर ठरलेलीच असते. ‘‘आण्णा, रथ कधी हे तुम्हाला वर्षभर ठाऊक असतंय, मग आठ दिवस राहिल्यावर का फोन करता?’’ दुकानदार कळकळीनं विचारतो. सणाच्या तोंडावर भाडं किती चढतं, हे तो रोज बघतो.

चौघांचं तिकीट तो एकदम बघत नाही. एकाच विमानातल्या सारख्याच खुर्च्या वेगवेगळ्या दरांच्या गटांत विकल्या जातात. स्वस्त गटात दोनच जागा उरल्या असताना चार मागितल्या, तर सहसा चौघांनाही वरचा दर लागतो. म्हणून आधी एक, मग दोन, मग चार अशा जागा टाकून दर बघायचा. चढला तर दोन-दोनची वेगळी तिकिटं. पण म्हातारी माणसं आणि लेकरं त्यात कधी एकटी पाडायची नाहीत. विमान रद्द झालं तर वेगळ्या तिकिटांवरच्या माणसांना वेगळ्या विमानांत जावं लागू शकतं. हा त्याचा नियम मला फार मोलाचा वाटला.

मग घर ते दुकान असा पूर्ण हिशेब. पुण्याचं तिकीट स्वस्त दिसतं, पण रात्रीअपरात्री लोहगावला उतरून विट्यापर्यंत गाडी करायची तर ती बचत रस्त्यातच संपते. साताऱ्याच्या माणसाला पुणं सुमारे 110 किलोमीटर, त्याला ते परवडतं. विट्याकरता तो कोल्हापूरचं उजळाईवाडी आणि बेळगावचं सांबरा हे विमानतळही पडताळतो. लहान शहरं विमानानं जोडणाऱ्या केंद्र सरकारच्या उडान योजनेतलं पहिलं विमान 27 एप्रिल 2017 रोजी सुटलं, पुढं कोल्हापूरही त्या नकाशावर आलं. मात्र उडानचं सवलतीचं भाडं ठरावीक जागांनाच असतं. तिथंही लवकर जाणाऱ्याचाच फायदा.

मधे विमान बदलायचं असेल तर दोन स्वतंत्र तिकिटं जोडून देण्याला तो साफ नकार देतो. पहिलं विमान उशिरा आलं की दुसऱ्याचे पैसे बुडतात. गावाकडून परतताना शेंगा, चटणी, पीठ यांचं वजन वाढणार हे धरून जादा सामानाचे पैसे आधीच भरायला लावतो, कारण काउंटरवर ते महाग पडतात.

आणि तिकीट रद्द झालं, तर ‘परतावा नाही’ लिहिलेलं असलं तरी विमानतळाचे शुल्क व कर परत मिळतात. पुष्कळ जण ते मागतच नाहीत. हा मात्र कंपनीकडे अर्ज करतो आणि पैसे जमा होईपर्यंत वहीतल्या त्या नावापुढं खूण करत नाही.