लकवा, लघवी आणि डायपर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

दिल्लीतल्या आमच्या लक्ष्मीबाई नगरपासून एम्स आणि सफदरजंग ही दोन्ही रुग्णालयं रिक्षानं पाच-दहा मिनिटांवर. त्यामुळे इथल्या सरकारी क्वार्टरांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांकडे गावाकडचं कुणी ना कुणी उपचारासाठी येऊन उतरतंच. लकवा मारलेल्या वडिलांना मुलगा दिल्लीला घेऊन येतो. रक्तदाबाच्या गोळ्या, हातापायाचे व्यायाम, बोलण्याची थेरपी, सगळं वहीत नीट उतरवून घेतलं जातं. लघवीबद्दल मात्र घरचे विचारत नाहीत आणि गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरांकडूनही ते राहून जातं. मग डिस्चार्जच्या दिवशी डायपरचं पाकीट घरी येतं आणि विषय मिटल्यासारखा होतो.

हा विषय असा मिटवू नये, यासाठीच हा लेख. लघवीवरचा ताबा परत मिळवणं हा लकव्याच्या पुनर्वसनाचा तेवढाच महत्त्वाचा भाग आहे, जेवढं पुन्हा चालायला शिकणं.

गैरसमज : एकदा ताबा सुटला की तो कायमचा सुटला.

लकवा होऊन रुग्णालयात दाखल झालेल्यांपैकी साधारण ४० ते ६० टक्के लोकांना सुरुवातीला हा त्रास होतो. घरी सोडताना तो सुमारे २५ टक्क्यांना उरतो आणि वर्षभरानंतर १५ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे बहुतेकांचा ताबा परत येतो. ज्यांचा आपोआप येत नाही, त्यांच्यासाठीही करण्यासारखं बरंच असतं. ‘तीन महिन्यांत काय ते झालं, आता पुढे काही नाही’ असं कुणी सांगितलं तरी हात टेकू नका.

गैरसमज : मूत्राशय कमजोर झालं, म्हणून लघवी सुटते.

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. बहुतेक वेळा मूत्राशय स्वतः धडधाकट असतं. बिघाड असतो त्याला आवरून धरणाऱ्या मेंदूत. मूत्राशयात १५०-२०० मिलीलिटर लघवी साठली की पहिली जाणीव होते. ‘आत्ता नको, थांब’ हा हुकूम मेंदूच्या पुढच्या भागातून सुटतो. तिथे किंवा तिथून खाली जाणाऱ्या मार्गावर लकव्याचा घाव बसला की हुकूम पोचत नाही. मूत्राशय थोडं भरलं तरी आकसतं, एकदम कळ येते आणि बाथरूमपर्यंत जायलाही उसंत मिळत नाही.

दुसरा प्रकार अगदी उलटा. मूत्राशय आकसतच नाही, लघवी तुंबते आणि काठोकाठ भरल्यावर थेंब थेंब गळत राहते. लकव्यानंतरच्या पहिल्या दिवसांत, जुना मधुमेह असलेल्यांत आणि काही औषधांमुळे असं होतं. पुरुषांमध्ये वाढलेल्या प्रोस्टेटनं अडवूनही लघवी तुंबते. घरच्यांना दोन्हीकडे ओली चादर तेवढी दिसते. पण पहिल्या प्रकारात मूत्राशय शांत करायचं असतं आणि दुसऱ्यात ते रिकामं करायचं असतं. दुसऱ्या प्रकारच्या रुग्णाला पहिल्याची गोळी दिली तर तुंबलेली लघवी आणखी तुंबते. म्हणून लघवी करून आल्यावर आत किती उरली, हे मूत्राशयाच्या सोनोग्राफीनं आधी बघायला हवं. सुई नाही, दुखणं नाही, काही मिनिटांचं काम.

तिसऱ्या प्रकारात मूत्राशय आणि त्याच्या नसा ठीक असतात, पण माणूस वेळेत पोचत नाही. उजवा हात लुळा पडलेल्या माणसाची दिल्लीतली जानेवारीची रात्र बघा. अंगावर रजाई, आत थर्मल, वर पायजमा. डाव्या हातानं रजाई सारायची, कुशीवर वळून उठून बसायचं, चप्पल शोधायची, बाथरूमच्या ओल्या फरशीवर तोल सांभाळायचा आणि त्याच एका हातानं नाडीची गाठ सोडायची. थंडीत घाम येत नाही, लघवी जास्त होते, तेव्हा ही कसरत रात्रीतून दोन-तीनदा. अशा घरात मला औषधापेक्षा आधी पायजमा बदलावासा वाटतो. नाडीच्या जागी इलॅस्टिक, बटणांच्या जागी वेल्क्रो, बाईमाणसाला साडीऐवजी गाऊन, पलंगाशेजारी लघवीचं भांडं किंवा कमोडची खुर्ची, धड हाताच्या बाजूला भिंतीत पक्का दांडा आणि रात्रभर मंद दिवा. संडास भारतीय बैठकीचा असेल तर त्यावर ठेवायची कमोड खुर्ची मिळते. रात्री घाईघाईत संडासाकडे जाताना पडून खुब्याचं हाड मोडणं ही लकव्याच्या रुग्णांची खरी भीती आहे, तीही या तयारीनं कमी होते.

गैरसमज : मुद्दाम करतात. सांगता येत नाही का?

नाही, अनेकदा खरोखरच सांगता येत नाही. लकव्यात वाचा गेली असेल तर शब्द ओठांवर येत नाही. काहींना कळ आल्याची जाणीवच उशिरा होते, काहींना डाव्या बाजूचं भान उरत नाही आणि त्या बाजूला ठेवलेलं भांडं त्यांच्या लेखी तिथे नसतंच. उशाशी घंटी ठेवा, संडासाचं चित्र काढलेलं कार्ड हाताला लागेल असं ठेवा, भांडं भान असलेल्या बाजूला ठेवा. आणि रागावू नका. सासऱ्यांचं डायपर सून बदलते आणि दोघंही एकमेकांची नजर चुकवतात, हे अनेक घरांत घडतं. त्या माणसाला जे वाटत असेल त्यात आपल्या बोलण्याची भर नको. लकव्यानंतरचं नैराश्य तसंही अनेकांना गाठतं.

गैरसमज : नळी घातली की सगळ्यांची सोय.

लघवी पूर्ण तुंबली असेल तेव्हा नळी लागतेच, त्याबद्दल वाद नाही. पण निव्वळ चादर ओली होऊ नये म्हणून ठेवलेली नळी महागात पडते. नळी आत असलेल्या प्रत्येक दिवसागणिक लघवीत जंतू शिरण्याची शक्यता ३ ते ७ टक्क्यांनी वाढते. महिनाभरानंतर जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत जंतू सापडतात. अमेरिकन हार्ट असोसिएशन आणि अमेरिकन स्ट्रोक असोसिएशनच्या २०१६ च्या पुनर्वसन मार्गदर्शनात तर लकव्यासाठी दाखल झाल्यापासून २४ तासांत नळी काढावी, असं म्हटलं आहे. लघवी तुंबतच राहिली तर दिवसातून ठरावीक वेळा स्वच्छ हातांनी नळी घालून मूत्राशय रिकामं करायचं आणि लगेच नळी काढायची, ही पद्धत घरच्यांना शिकवता येते. ज्या पुरुषांची लघवी तुंबत नाही, त्यांच्यासाठी बाहेरून लावायची कंडोम कॅथेटर असते. घरी नळी स्वतःहून ओढून काढू नका. ती आतल्या फुग्यानं धरलेली असते.

गैरसमज : पाणी कमी प्यायलं की लघवी कमी, त्रास कमी.

दिल्लीच्या मे महिन्यात हा उपाय करणारे लोक मला भेटले आहेत आणि तो धोक्याचा आहे. घट्ट लघवी मूत्राशयाला जास्त डिवचते, जंतुसंसर्ग वाढतो, बद्धकोष्ठ होतं आणि गच्च भरलेलं आतडं मूत्राशयावर दाब देतं. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार नसेल आणि डॉक्टरांनी मर्यादा घातली नसेल, तर दिवसाला दीड ते दोन लिटर पाणी हवंच, उन्हाळ्यात त्याहूनही जास्त. त्यातलं बरंचसं संध्याकाळपर्यंत द्या. चहा मात्र कमी करा. लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी रात्री दिली जात असेल तर तिची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारा.

गैरसमज : यावर उपचार म्हणजे गोळ्याच.

गोळ्या आहेत. ऑक्सिब्युटिनिनसारख्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, शौचाला घट्ट होतं आणि वयस्क माणसाच्या डोक्याचा गोंधळ वाढू शकतो. मिराबेग्रॉननं रक्तदाब वाढू शकतो, म्हणून त्यावर लक्ष ठेवावं लागतं. त्यामुळे गोळीच्या आधी सवयीचे उपाय. जागेपणी दर दोन तासांनी रुग्णाला विचारायचं, ‘कोरडे आहात का? जाऊ या का?’ मग नेऊन बसवायचं आणि जमलं की मनापासून शाबासकी द्यायची. ज्याला समज चांगली आहे त्यानं कळ आल्यावर आधी पाच-दहा मिनिटं धरायला शिकायचं आणि आठवड्या-आठवड्यानं ते अंतर वाढवायचं.

जोडीला ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम, जो आर्नल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये मांडला. वायू रोखताना जे स्नायू आकसतात ते काही सेकंद आकसून धरायचे, तेवढाच वेळ सैल सोडायचे. एका वेळी आठ ते बारा, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने. पुरुषांनीही करायचा. लघवी अर्ध्यात थांबवून तो रोज करू नका. घोट्याच्या आतल्या बाजूच्या नसेला त्वचेवरून सौम्य वीजप्रवाह देण्याचा उपचारही फिजिओथेरपी विभागांत होतो. पेसमेकर असेल तर आधी सांगा. लकव्याच्या रुग्णांवर या उपायांचे झालेले अभ्यास लहान आहेत, त्यामुळे कुणी हमखास गुण येण्याची खात्री देत असेल तर विश्वास ठेवू नका. पण सवयीच्या उपायांना खर्च नाही आणि अपायही फारसा नाही, म्हणून सुरुवात त्यांनीच व्हावी.

डायपर वाईट नाही. प्रवासात, रात्री, पहिल्या आठवड्यांत तो लागतो. ओला झाला की लगेच बदला, त्वचा पुसून कोरडी करा, झिंक ऑक्साइडचं मलम लावा. पण दिवसभर डायपर बांधून ठेवला की माणूस विचारणं सोडतो आणि आपणही त्याला न्यायचं सोडतो. तिथेच सराव संपतो.

थंडी वाजून ताप आला, लघवीत रक्त दिसलं किंवा ओटीपोट फुगून लघवी अजिबात होईना, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

एम्स आणि सफदरजंग दोन्हीकडे पुनर्वसन वैद्यकाचा स्वतंत्र विभाग आहे. मुंबईकडच्या नातेवाइकांसाठी हाजी अलीला १९५५ पासून याच विषयाची केंद्र सरकारची संस्था आहे. जाण्याआधी तीन दिवस एका कागदावर लिहा : किती वाजता काय प्यायले, किती वाजता लघवी झाली, किती झाली, कधी कपडे ओले झाले. तो कागद आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटं डॉक्टरांपुढे ठेवा आणि विचारा, ‘आत लघवी किती उरते ते बघाल का? ही नळी कधी काढता येईल?’ हे प्रश्न विचारायला लाजू नका.